हौसाबाईंचं घरपोच मत

“आजी, आम्ही मत घ्यायला आलोय,” तोडकर सर म्हणाले.

“काय घ्यायला?”

“मत. मतदान. तुमचं.”

“न्हाई बाबा, आमच्याकडं काय न्हाई आता. पुढच्या घरी बघा.”

मी कॅमेरा चालू केलेला होता त्यामुळे हे सगळं रेकॉर्डवर आहे. म्हणजे होतं.

तोडकर सर झेडपीच्या शाळेचे हेडमास्तर, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. आमच्या पथकाचे प्रमुख. पथक म्हणजे सर, मुलाणी हवालदार आणि मी. यादीवाल्या एक मॅडम पण होत्या, पण त्यांना उन्हाचा त्रास, त्या जीपमध्येच बसायच्या. मी व्हिडिओवाला. लग्न, बारसं, रिटायरमेंट, एकदा तर बैलाचा वाढदिवस पण केलाय. कॅमेरा मला कुणी शिकवला नाही, मोबाइलवर बघून बघून शिकलो. सरकारला टेंडरमध्ये सगळ्यात स्वस्त मीच सापडलो. आता बरीच वर्षं झाली या गोष्टीला, पण मी अजून हे कुणाला नीट सांगितलेलं नाही.

तर भानगड अशी होती की फार म्हाताऱ्या माणसांना केंद्रावर यायला जमत नाही. म्हणून सरकार म्हणालं, तुम्ही येऊ नका, आम्हीच येतो. आधी एक फॉर्म भरायचा की मला घरून मत द्यायचंय. मग पथक येतं. मतपत्रिका, दोन पाकिटं, पुठ्ठ्याचा आडोसा, हवालदार, कॅमेरा. एका मताला चार माणसं आणि एक जीप. आमच्याकडे अँब्युलन्स एवढ्या माणसांनिशी येत नाही.

ट्रेनिंगला एका साहेबांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. मतदार दिसला पाहिजे, मत दिसता कामा नये. आणि तू काही बोलायचं नाही, कॅमेऱ्याला तोंड नसतं. मी मान हलवली. न बोलायचे पैसे पहिल्यांदाच मिळणार होते.

आजी ओट्यावर बसून तूरडाळ निवडत होत्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. त्यांचा मुलगा विलासराव आतून लगबगीनं आला. साठीचा माणूस, पांढरा शर्ट, गळ्यात पक्षाचा गमछा. आम्हाला बघून त्यानं गमछा काढून खिशात कोंबला. टोक बाहेरच राहिलं. ते मी कॅमेऱ्यात घेतलं नाही, उगाच कुणाच्या प्रचाराला हातभार नको.

“या सर या. चहा टाकतो. आये, साहेब आलेत बघ.”

“कंचं साहेब? लस टोचायला व्हय?”

“बघितलं ना सर,” विलासराव हळू आवाजात म्हणाले, पण माईक त्यांच्याकडेच होता. “डोकं काम करत नाही तिचं. डोळ्यानं तर काहीच दिसत नाही. मोतीबिंदू. म्हणून तर मी फॉर्म भरला. आणि सोबती म्हणून मीच मत टाकतो, तो पण कागद तयार ठेवलाय. दोन मिनिटांचं काम.”

खरंच तयार होता. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, टाचणी मारून. आमच्या सरकारी फायलीपेक्षा नीट.

तोडकर सरांचा चेहरा उजळला. सकाळपासून सहा घरं झाली होती. एका आजोबांनी मतपत्रिकेवर चहा सांडला होता. एकांनी सगळ्याच उमेदवारांसमोर खूण केली, म्हणाले मन कुणाचं दुखवायचं. सरांना साडेबाराच्या आत हे घर संपवायचं होतं, कारण पुढच्या गावात सरपंचांकडे जेवणाचं सांगितलेलं होतं.

“मागच्या वेळी आलो तेव्हा आजी नव्हत्या,” सर म्हणाले. “ही दुसरी फेरी. दुसरी आणि शेवटची.”

“कुठं गेलती कुणास ठाऊक. दोन तास शोधली. शेवटी शेजारच्या गोठ्यात सापडली, म्हशीमागं बसलेली.”

“म्हस व्यायला झालती,” आजी म्हणाल्या.

“रेडा आहे तो,” विलासराव म्हणाले.

मुलाणी हवालदारांनी टोपी काढून तोंडासमोर धरली.

मी झूम केला. सवयच आहे, लग्नात नवरीची आई कधी रडेल सांगता येत नाही, म्हणून म्हाताऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवायचा. तर आजी सरांकडे बघतच नव्हत्या. सुपात बोट फिरवत होत्या, मध्येच थांबल्या आणि त्यातून एक बारकासा खडा उचलून बाहेर टाकला. तुरीच्याच रंगाचा. मला स्क्रीनवर झूम करून पण नीट दिसला नव्हता. मोतीबिंदू.

मी काही बोललो नाही. तोंड नव्हतं ना.

“आधी ओळखपत्र,” सर म्हणाले.

“आहे की.” विलासरावांनी आधार कार्ड काढून दिलं.

सरांनी ते जवळ धरलं, लांब धरलं, मग यादी बघितली, मग परत कार्ड. “यादीत नाव सुमन मारुती धुमाळ. यावर हौसा मारुती धुमाळ आहे.”

“काय?” विलासरावांनी कार्ड ओढून घेतलं. इतकी वर्षं त्याच कार्डावर रेशन, गॅस, बँक सगळं उरकलं होतं, पण आईचं नाव वाचायची वेळ आली नव्हती.

“आजी, तुमचं नाव काय?” सरांनी विचारलं.

“कंच्या वेळचं?”

“म्हणजे?”

“लग्नात ताटातल्या तांदळावर बोटानं लिवलं, सुमन. यादीत ते हाय. मी न्हाई लिवलं, यांनी लिवलं. ते आधारवालं पोरगं आलं, त्यानं इचारलं आजी नाव काय तुमचं. तुमचं म्हणाला. म्हणून मग मी माझं सांगितलं.”

तोडकर सरांनी कपाळ पुसलं. त्यांच्या बायकोचं पण लग्नात नाव बदललेलं असणार. आमच्याकडे कुणाच्या बायकोचं बदललेलं नसतं?

“मग तुम्ही नक्की कोण आहात आजी?” सर म्हणाले. विचारायचं होतं त्याहून जास्त विचारलं गेलं त्यांच्याकडून.

“तुमाला कोण पायजे ते सांगा.”

“सर, अहो आई आहे माझी,” विलासराव म्हणाले. “मी सांगतोय की. अख्खं गाव सांगेल.”

“गाव नाही चालत. कागद लागतो. निवडणुकीचं कार्ड कुठंय?”

“ते कुठंतरी असेल. आये, ते फोटोचं कार्ड कुठंय गं?”

“कंचं कार्ड?”

“ते, मतदानाचं.”

“म्हयतीच न्हाई.”

विलासरावांनी कपाट उपसलं, ट्रंक उघडली, देवाच्या फोटोमागं हात घातला. कॅलेंडर पण उलटं करून बघितलं. आजी शांतपणे डाळ निवडत होत्या. वीस मिनिटं गेली. मी बॅटरी बदलली. सरांनी घड्याळ बघितलं आणि वहीत लिहायला घेतलं.

“ओळख पटली नाही, सबब मतदान झाले नाही. असं लिहितो. आमची दुसरी फेरी पूर्ण.”

“बरं झालं,” आजी म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज एकदम खणखणीत आला. “बुधवारी मी शाळंत जाऊन टाकीन. दर येळी जाती. चालवतंय मला. इल्या उगाच तुमाला तरास देतोय.”

तर हे असं होतं. म्हातारी ठार बहिरी नव्हती, आंधळी नव्हती, वेडी तर अजिबात नव्हती. तिला फक्त आम्ही निघून जायला हवं होतं.

मी सरांकडे बघितलं. सर वहीत बघत होते. विलासरावांकडे बघितलं. ते शोधायचे थांबले होते. कपाटाचं दार त्यांनी हळूच लावलं आणि खुर्चीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर आता घाई नव्हती. “राहू दे मग सर,” ते म्हणाले. “म्हातारं माणूस. कशाला छळायचं. चहा घ्या.”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ट्रेनिंगला मी पेंगत होतो, पण एक वाक्य ऐकलं होतं. एकदा का घरून मत द्यायचा फॉर्म भरला, की केंद्रावरच्या यादीत नावापुढे शिक्का पडतो. मग बुधवारी तुम्ही शाळेत चालत जा नाहीतर पालखीतून जा, मत देता येत नाही. हे सरांना माहीत होतं. विलासरावांना तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं. आजींचं मत एकतर त्यांच्या हातानं पडणार होतं, नाहीतर पडणारच नव्हतं. त्यांना दोन्ही चालणार होतं. माहीत नव्हतं ते फक्त जिचं मत होतं तिला.

मुलाणी हवालदार रस्त्याकडं बघत होते. पोलिसात राहून त्यांना कधी कुठं बघायचं हे चांगलं जमत होतं.

सरांनी वही मिटली. “चला.”

“आजी,” मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू ट्रायपॉड बोलला.

“आजी, तुम्हाला बुधवारी शाळेत मत देता येणार नाही. तुमच्या नावानं घरून मत द्यायचा फॉर्म भरलाय. तिथं तुमच्या नावापुढं शिक्का असणार. आज दिलं तर दिलं, नाहीतर या वेळी नाहीच.”

“तू शूटिंग कर रे,” विलासराव म्हणाले.

आजींचं बोट सुपात थांबलं. “मी कुठं फारम भरला?”

“अंगठा घेतला असेल ना कुणी?”

त्या मुलाकडे वळल्या. “त्यो पेन्शनीचा होता न्हवं? मी जित्ती हाय म्हणून लिवून द्यायचा?”

विलासराव चहाचे कप बघायला आत गेले.

“मास्तर, ह्ये पोरगं खरं बोलतंय?”

“हो आजी,” तोडकर सर म्हणाले.

“मग तुमी का सांगितलं न्हाई?”

“तुम्ही विचारलं नाही.”

आजींनी सरांकडे एकदा नीट बघून घेतलं. मग सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या. डबे वाजले. परत आल्या तेव्हा हातात निवडणुकीचं कार्ड होतं, त्याला डाळीची पूड लागलेली. लुगड्याला पुसून त्यांनी ते सरांच्या हातात दिलं.

“ही घ्या तुमची सुमन.”

आता सरांना वहीतली ओळ खोडावी लागली. मास्तर माणूस, खाडाखोड त्यांना आवडत नाही. विलासराव कप घेऊन बाहेर आले आणि कार्ड बघून तसेच उभे राहिले. मग कप ठेवले आणि फोल्डर उघडला.

“बरं, ओळख पटली ना? झालं तर मग. द्या पत्रिका इकडं, सोबती मी आहे. तिला दिसत नाही.”

“दिसत न्हाई व्हय मला?” आजी म्हणाल्या. “मास्तर, तुमच्या शर्टाचं दुसरं बटण येगळं हाय. बाकीची पांढरी, त्ये पिवळट. बायकूनं लावलं का तुमी?”

सरांनी खाली बघितलं. मी झूम केला. होतं.

“मीच लावलं,” सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी विलासरावांचा कागद टाचणीसकट परत केला. “सोबती लागणार नाही. तुम्ही बाहेर थांबा.”

“अहो सर, पण भाऊसाहेबांना मी शब्द दिलाय, घरातली सगळी मतं...”

“हे रेकॉर्ड होतंय विलासराव,” मी म्हणालो. आता तोंड फुटलंच होतं.

“चला विलासराव,” मुलाणी हवालदार उठले. “अंगणात जाऊन तंबाखू मळू. तुमच्याकडं चुना आहे का? माझा संपलाय.”

आम्ही पुठ्ठ्याचा आडोसा चुलीशेजारच्या लाकडी पेटीवर उभा केला. सरांनी मतपत्रिका दिली, समजावून सांगितलं, पेन दिला. आजी आडोशामागे बसल्या. मी कॅमेरा असा लावला की फक्त त्यांच्या डोक्यावरचा पदर दिसावा. मतदार दिसला पाहिजे, मत नाही.

एक मिनिट. दोन. चार.

“आजी, झालं का?” सर म्हणाले.

“थांबा की.”

सहा मिनिटं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला, मॅडमना भूक लागली असणार.

“काही अडचण आहे का आजी? समजत नाहीये का?”

“समजतंय. फुली कवाच मारली.”

“मग?”

“बसलीया जरा. मालक होतं तवा मालक सांगायचं कुणाला टाकायचं, मग सासरा, मग इल्या. सगळ्यांना मी व्हय म्हणायची. शाळंत त्या पुठ्ठ्यामागं गेलं की कुणी हाक मारत न्हाई. पाच सालातनं एकदा. तिथं कसं कुणी घाई करत न्हाई तुमच्यासारखी.”

सर खुर्ची ओढून बसले. सरपंचांकडचं जेवण गार होत होतं, पण त्यांनी घड्याळ बघितलं नाही, हे मी बघितलं.

मग आजी बाहेर आल्या. पत्रिकेची घडी स्वतः घातली, छोट्या पाकिटात स्वतः सरकवली, डिंक स्वतः लावला. घोषणापत्रावर अंगठा उठवला. मी हे सगळं एका शॉटमध्ये घेतलं, न थांबता. आयुष्यात एवढी लग्नं केली पण असा शॉट मिळाला नव्हता. खिडकीतून ऊन आलेलं, शाईचा अंगठा, आजींचं तोंड. मला इतकं भारी वाटत होतं की काय सांगू. हे माझ्यामुळे झालं होतं. मी बोललो म्हणून. लोकशाही वाचवून मी एकदम फॉर्मात आलो होतो.

“सर, एक मिनिट,” मी म्हणालो. “इकडं बघा. पाकीट दोघांनी धरा. आजी, तुम्ही जरा अलीकडं. सर, हसा थोडं.”

सरांनी उघडलेल्या पेनला टोपण लावलं, पेन खिशात ठेवला, केस सारखे केले. दोघांनी आहेर धरावा तसं ते पाकीट धरलं. आजींनी दात नसलेलं तोंड मिटून घेतलं. मी म्हणालो, अजून एक, सेफ्टीसाठी. मग सरांनी घोषणापत्र आणि छोटं पाकीट मोठ्या पाकिटात घातलं, चिकटवलं, पेटीत टाकलं. आम्ही निघालो. अंगणात विलासराव उभे होते, त्यांनी आम्हाला चहाचं परत विचारलं नाही.

मतमोजणीला पण मलाच बोलावलं. स्वस्त होतो ना. टपाली मतांच्या टेबलाशी कॅमेरा लावून उभा राहिलो, घरून घेतलेली मतं पण तिथंच मोजतात. तिथं आधी मोठं पाकीट फोडतात, घोषणापत्र बघतात, ते बरोबर असेल तरच छोटं पाकीट उघडतात. एक कर्मचारी बघत होता, दुसरा बोलत होता. ठीक. ठीक. ठीक. मग एक कागद त्यानं वर धरला.

“अंगठा आहे. खाली अधिकाऱ्याची सही नाही. बाद.”

अंगठा होता म्हणून मी बघितलं. सुमन मारुती धुमाळ.

छोटं पाकीट न उघडता त्या कागदाला टाचलं आणि बाजूच्या ट्रेमध्ये टाकलं.

“साहेब,” मी म्हणालो, “ती सही राहिली असेल, पण मत त्यांनीच दिलंय. माझ्याकडे सगळं रेकॉर्डिंग आहे.”

टेबलावरच्या साहेबांनी मान वर केली. “तुम्ही कोण?”

“व्हिडिओवाला.”

“मग व्हिडिओ काढा.”

“पण रेकॉर्डिंग कशासाठी असतं मग?”

“रेकॉर्डसाठी,” ते म्हणाले. चिडून नाही, समजावून सांगतात तसं.

सबंध राज्यात त्या दिवशी कुणाची ओळख तिच्याइतकी तपासली गेली नसेल. नाव तपासलं, कार्ड तपासलं, डोळे तपासले. तिनं सगळं सिद्ध केलं. राहिली ती सही तिची नव्हतीच.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. जमा करायच्या आधी एक कॉपी मी ठेवली होती, ठेवायची नसते पण ठेवली होती, शॉट चांगला आला होता म्हणून. लावून बघितलं. अंगठा उठतो. तोडकर सर पेन उघडतात. कागदावर वाकतात. पेनाचं टोक कागदापासून बोटभर वर आहे. आणि मग कॅमेऱ्यामागून आवाज येतो, सर, एक मिनिट, इकडं बघा.

मी तो भाग किती वेळा बघितला मोजलं नाही. मग कॉपी पुसून टाकली.

विलासरावांचे भाऊसाहेब चौदा हजारांनी निवडून आले. एका मतानं काही फरक पडला नसता. तोडकर सरांना मी फोन केला तेव्हा ते पण हेच म्हणाले, आणि वर म्हणाले की बाकीची सगळी बरोबर आहेत ना, मग झालं.

पुढच्या मे महिन्यात त्याच गावात माझी लग्नाची ऑर्डर होती. मांडवात बायकांच्या बाजूला पहिल्याच ओळीत आजी बसलेल्या. मी कॅमेरा दुसरीकडे फिरवला, पण त्यांना दिसत नव्हतं थोडंच.

“ए फोटोवाल्या. इकडं ये.”

गेलो. त्यांनी माझं मनगट धरून खाली बसवलं आणि तोंड माझ्या कानाशी आणलं.

“माझं मोजलं का रं?”

आजूबाजूला सनई, पोरं, बुंदीचा वास. मला वाटलं सांगावं. बोलायला एवढा पुढे झालो होतो ना त्या दिवशी.

“मोजलं आजी,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मनगट सोडलं नाही.

“आन कुणाला दिलं ते कुणाला कळलं न्हाई न्हवं?”

“नाही आजी. कुणालाच नाही.”

हे मात्र खरं बोललो.